राकसकोपला, रविवारी

समुद्राला जायचं ठरलं होतं.
कारवारची पहाटेची गाडी,
डबा रात्रीच बांधलेला,
वाळूत अंथरायला जुनी वाकळ,
आणि आपण उठलो साडेआठला.
"गेली की गाडी," म्हणालास पांघरुणातूनच,
इतक्या समाधानानं
की वाटलं, तूच रात्री उठून
तिला पुढं लावून दिलीस.

मग स्कूटर.
बेनकनहळ्ळी, बेळगुंदी,
भात निघालेल्या रानांत मसुरीची बारीक फुलं,
बांधावर रताळ्याचे वाळलेले वेल,
माझ्या डोक्यावर तुझी माकडटोपी.
"सावकाश," मी म्हणाले.
"सावकाशच की," तू म्हणालास.
हा एक शब्द आपल्या दोन्ही घरांत सारखाच.
बाकीच्यांना तीन वर्षं लागली.

अजून तुझ्या तोंडी पाणी पुल्लिंगी आहे.
अजून मी तुझ्या आईला
कन्नडात एकेरीत हाक मारते,
आणि ती न रागावता वर तूप वाढते,
बहुधा भूक लागली असेल असं समजून.

राकसकोपचं पाणी जानेवारीत मागं सरू लागतं.
काठावर एकाखाली एक रेघा,
उधारीच्या वहीसारख्या.
हेच पाणी आपल्या नळाला येतं,
चार दिवसांतून एकदा, रात्री तीनला,
आणि आपण घागरी, बादल्या,
कुकरसुद्धा घेऊन धावतो.
इतक्या वेळा येऊन गेलेल्या पाहुण्याकडं
आज आपलं जाणं झालं.
ते घरीच होतं.
पसरून पडलेलं.
त्यालाही घाई नव्हती.

पलीकडच्या काठावर कुणी बाई चादर धोपटत होती.
हात खाली यायचा
आणि आवाज मागाहून,
तो वर गेल्यावर.
"धुणं महाराष्ट्रात," तू म्हणालास,
"आवाज वाळत घातलाय कर्नाटकात."
मी हसले. तू नाही.
आठवडाभर वडगावात मागांच्या खडखडाटात
ओरडून बोलणारा तू,
रविवारी इतका हळू बोलतोस
की मला जवळ सरकावं लागतं.
मला संशय आहे, हे तू मुद्दाम करतोस.

कडक भाकरी गुडघ्यावर फोडली,
शेंगाची चटणी, डब्याच्या झाकणात कुंदा.
चिकट बोटं पाण्यात बुडवून म्हणालास,
"पाणी कसा गार आहे."
खरंच गार होता.

"समुद्र असतो कसा?"
ईरण्णा, बावन्न वर्षांचा झालास,
केसांना महिन्याच्या महिन्याला काळं लावतोस,
आणि समुद्र पाहिला नाहीस.
मी दोनदा पाहिलाय. सांगायला गेले, तर
आठवली फक्त चपलेत अडकलेली वाळू
आणि हरवलेली एक कुडी.
"तुमच्यात काय म्हणतात त्याला?"
"कडल."
"आमच्यात कडेला म्हणजे काठावर."
"मग पोचलो की," म्हणालास,
आणि तोंडावर रुमाल टाकून झोपलास.

मी जागी होते.
एक म्हैस पाण्यात शिरली, बराच वेळ काही न करता
उभी राहिली, आणि निघाली.
पोरांचा चेंडू आला, मी फेकला, जवळच पडला.
तुझ्या बहिणीनं अजून माझा फोन उचललेला नाही,
हेही मधेच आठवलं,
आणि म्हशीसारखंच
थोडा वेळ उभं राहून गेलं.

चारच्या सुमारास वारा सुटला.
पाण्याला सुरकुत्या, मग लहान लाटा,
बोटभर उंचीच्या,
एकामागून एक, रांग न मोडता.
एक आली ती थेट वाकळीपर्यंत.
तू दचकून उठलास,
ओल्या कोपऱ्याकडं बघत राहिलास,
मग सगळ्या काठाला ऐकू जाईल असं,
मागावर ओरडतोस तसं म्हणालास,
"बघ, समुद्र आली!"

तीन वर्षांत पहिल्यांदाच
मला दुरुस्त करावंसं वाटलं नाही.
आली होती खरी.

परतताना वाकळीचा भिजलेला कोपरा
माझ्या पोटरीला लागत राहिला.
बेळगुंदी गेली,
बेनकनहळ्ळी गेली,
वाळला नाही.